गुरुवारची मोजणी

तळ्याचं पाणी मागं सरकायला लागलं की या घरातल्या माणसांचे पाय गार आणि डोकी गरम, हे दरवर्षीचं ठरलेलं. पावसाळ्यात तळं पार बांधाला टेकायचं. मग चार-पाच महिने हातभर, दोन हात असं आटत जायचं आणि पाणी सोडून गेलेल्या काळ्या गाळात लोक हरभरा फोकायचे. उन्हाळ्यात तिथं ढेकळांशिवाय काही नसायचं. ही जमीन कोणाच्याच नावावर नव्हती. ज्याच्या बापानं बांधापाशी जिथं खुंट ठोकला, तिथून पाण्यापर्यंतचा पट्टा त्याचा, एवढाच कायदा. कागद नावाला नव्हता, भांडणं मात्र चार पेट्या कागद असल्यासारखी व्हायची.

या घराचा पट्टा दोन भावांत होता आणि मधे एक लाकडी खुंट होता. तो खुंट चार वर्षांपूर्वी हातभर सरकला. भरलेल्या तळ्यात लाटांनी खुंट हलतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण थोरला म्हणाला धाकट्यानं सरकवला, धाकटा म्हणाला थोरल्यानं, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. घरं एकाला एक लागून, अंगण एकच, आणि बोलणं बंद. म्हातारी आई धाकट्याकडे राहायची आणि थोरल्याला भिंतीतून शिव्या घालायची, म्हणजे तिचं तेवढं दोघांशीही चालू होतं.

या सगळ्याचा भार पडायचा धाकट्या सुनेवर. तिला सगळे धाकटीच म्हणायचे. तिच्या नवऱ्याला गावानं नाव ठेवलं होतं अर्ध्या, कारण तो कुठलंही वाक्य अर्धंच ऐकायचा आणि उरलेल्या अर्ध्याच्या आधी पळत सुटायचा. एकदा कोणी म्हणालं, "तुझी म्हैस सुटली होती," तर हा दोन कोस शोधून आला. म्हैस गोठ्यात होती. तो माणूस पुढं म्हणणार होता, "मी बांधली."

सोमवारी दुपारी धाकटी पाण्याच्या कडेला गाळात पाय रुतवून बघत होती. पाय गुडघ्यापर्यंत गेला. तिनं तो ओढून काढला, चिखलानं चपळक असा आवाज केला. सासूचा नियम होता: घोट्याला पेर, गुडघ्याला थांब. पाय घोट्यापर्यंतच रुतला तर बी फोकायचं, गुडघ्यापर्यंत गेला तर बी सडतं, गप घरी जायचं. अजून निदान आठ दिवस होते. समोर उथळ पाण्यात बदकांचे थवे चोची बुडवून बसले होते आणि पलीकडच्या अंगाला करकोचे एका पायावर उभे होते, काही काम नसल्यासारखे. तिला त्यांचा रागच आला. पेरलं की हीच मंडळी पहिल्या पंगतीला असायची.

एवढ्यात नवरा बांधावरून पळत आला.

"अगं, गुरुवारी मोजणी आहे."

"कसली मोजणी?"

"तळ्याची. कचेरीतला शिपाई सायकलवरून जाता जाता म्हणाला. सगळ्यांना सांग, गुरुवारी तळ्यावर मोजणी आहे म्हणाला."

"आणखी काय म्हणाला?"

"आणखी काय म्हणणार? मी निघालो लगेच."

धाकटीनं कपाळाला हात लावला. कपाळाला चिखल लागला. "अहो, तो आणखी काही सांगत असेल. थांबून ऐकायला तुमचं काय जात होतं?"

"मोजणी म्हणजे मोजणी. त्यात ऐकायचं काय?" तो पाण्याकडे बघत दम खात म्हणाला. "कारखान्याला माल ठेवायला पटांगण पाहिजे. वर्षभर गाव तेच बोलतंय. तळं बुजवणार, त्याआधी मोजणी करणार. ज्याच्या ताब्यात जेवढी पेरलेली जमीन, तेवढी दुसरीकडे त्याला मिळणार."

"हे शिपाई म्हणाला?"

"हे समजून घ्यायचं असतं."

धास्ती तिलाही होती, ती मोजणीची नाही, तळं बुजवण्याची. तिच्या घरात वर्षाचं जे काही खायला यायचं, ते या चिखलातून यायचं. पाऊस पडो न पडो, वरच्या शेतांत पिको न पिको, तळ्यानं कधी हात आखडता घेतला नव्हता. ते बुजलं तर दुसरीकडची जमीन म्हणजे खडकाळ माळ, हे तिला न मोजता कळत होतं.

मंगळवारी सकाळीच अर्ध्यानं बियाण्याची एक गोणी खांद्यावर घेतली. घरात दोनच गोण्या होत्या.

"अहो, गुडघाभर चिखल आहे. सडेल सगळं."

"मोजणीवाला उकरून बघणार आहे का? पेरलंय म्हणायचं."

"मग नुसतंच म्हणा ना. बी कशाला घालवता?"

"खोटं बोलायचं?" तो खरोखर दुखावला गेला. त्याची हीच तर गंमत होती, मूर्खपणा करायचा तो प्रामाणिकपणे.

तो फोकत फोकत पाण्याकडे गेला आणि मांडीपर्यंत रुतला. पुढं जाईना, मागं येईना. ती काठी घेऊन निघाली तर ती स्वतः गुडघ्यापर्यंत गेली. शेजारच्या पट्ट्यावर थोरला दीर उभा राहून सगळं बघत होता. तोही गोणी घेऊनच आला होता, म्हणजे मोजणीची बातमी भिंतीपलीकडे पोचली होती.

"सांग तुझ्या नवऱ्याला," थोरला तिला म्हणाला, "फळीवर आडवं पड म्हणावं."

अर्ध्या चार हातांवर होता. त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होता. तरी तो बायकोला म्हणाला, "सांग त्यांना, फळी कुठाय म्हणावं."

"फळी कुठाय म्हणतायत," धाकटी म्हणाली.

"माझ्याकडे आहे म्हणावं. पण आधी खुंट होता तिथं ठोक म्हणावं."

"मी हलवलाच नाही म्हणावं."

धाकटीला वाटलं दोघांनाही तिथंच सोडून घरी जावं आणि झोपावं. "भाऊजी," ती म्हणाली, "हे बुडाले तर खुंट तुम्हालाच. पण सासूबाईंना काय सांगायचं तेवढं ठरवून ठेवा."

थोरल्यानं फळी टाकली. अर्ध्या पोटावर सरपटत बाहेर आला, छातीपासून अंगठ्यापर्यंत काळा. एक चप्पल आतच राहिली. आभार मानायला लागू नयेत म्हणून तो तडक दुसऱ्या दिशेला तोंड करून बी फोकायला लागला. थोरल्यानंही तेच सुरू केलं. संध्याकाळपर्यंत दोघांनी एकेक गोणी गुडघाभर चिखलात घातली, आणि मधला खुंट दोघांनी आळीपाळीनं दोनदा उपटून दोनदा ठोकला.

बुधवारी पाखरं आली. येणारच. वर पडलेले दाणे त्यांना दिसत होते, आणि त्यांचे पाय रुतत नव्हते. शेपाचशे करकोचे पट्ट्यावर उतरले आणि निवांत टिपायला लागले.

"मोजणीच्या दिवशी दाणा दिसला नाही तर?" अर्ध्या ओरडला. त्यानं पत्र्याचा डबा आणि दगड घेतला. पलीकडून थोरल्यानं घमेलं घेतलं. एकमेकांशी बोलत नव्हते, पण वाजवत मात्र एका तालात होते. दुपारपर्यंत बाकीच्या पट्ट्यांवरचे लोकही डबे घेऊन आले, कारण मोजणी सगळ्यांचीच होती. दिवसभर नुसता गोंगाट. थवे उठायचे, घिरट्या घालायचे, बसायला यायचे, पुन्हा उठायचे. चार वाजता ते शेवटचे उठले आणि कालव्याच्या दिशेनं गेले ते गेलेच.

घरी आल्यावर सासू खाटेवर उठून बसलेली. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. कान मात्र असे, की अंगणात मांजर कोणत्या घरचं फिरतंय ते सांगायची.

"तळं मेलं का गं?" तिनं विचारलं.

"पाखरं हाकलली ह्यांनी."

"अख्ख्या जन्मात अशी शांतता ऐकली नाही मी. कोणी गेल्यावर घर होतं तसं वाटतंय." म्हातारी थोडा वेळ कान देऊन बसली. "एक टिटवी तेवढी आहे. तिची अंडी असतील म्हणून. नाहीतर तीही तुमच्या तोंडाला कंटाळून गेली असती."

रात्री अर्ध्या दुसरी गोणी शोधायला लागला. ती कोनाड्यात नव्हती, माळ्यावर नव्हती.

"गोणी कुठाय?"

"उंदरांनी नेली," धाकटी म्हणाली.

गोणी सासूच्या खाटेखाली होती आणि सासू तिच्यावर दोन्ही पाय सोडून बसली होती. "माझे पाय दुखतायत," ती मुलाला म्हणाली. "उठवू नकोस मला." आयुष्यात पहिल्यांदाच सासू-सून एका बाजूला होत्या, आणि दोघींनाही त्याची थोडी लाजच वाटली.

गुरुवारी नऊ वाजता सगळे बांधावर हजर. अर्ध्यानं धुतलेला सदरा घातला होता. थोरला आणि जाऊबाई त्यांच्या खुंटापाशी उभे होते, लग्नाचा फोटो काढायला उभं राहावं तसे. शिपाई सायकल ढकलत आला आणि त्याच्या मागून एक चाळिशीची बाई आली. डोक्यावर टोपी, पायांत रबरी बूट, गळ्यात दुर्बीण, हातात वही. साखळी नाही, फीत नाही, नकाशा नाही.

बाई बांधावर चढली आणि तळ्याकडे बघत राहिली. तळ्यावर ऊन होतं आणि पाणी होतं. बाकी काही नव्हतं.

"सगळे कुठे गेले?" तिनं विचारलं.

"सगळे इथंच आहोत बाई," अर्ध्या पुढं झाला. "हा पट्टा माझा. खुंटापासून पार पाण्यापर्यंत. पेरलेला आहे."

"तुम्ही नाही हो. पक्षी."

कोणालाच काही कळेना.

"मी पक्षी मोजायला आले आहे," बाई म्हणाली. "पक्ष्यांची मोजणी. तसा निरोप दिला होता."

बांधावर जी काही शांतता झाली ती म्हातारीला घरात ऐकू गेली असेल. मग सगळ्यांच्या माना हळूहळू अर्ध्याकडे वळल्या.

"मी सांगतच होतो," शिपाई म्हणाला. "तळ्यावर मोजणी आहे, पाखरांची, गलका करू नका असं सांगायचं होतं. मोजणी म्हणेपर्यंत हा दिसेनासा झाला."

"पाखरं कोणी मोजतं का?" अर्ध्या म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मोजणी म्हटल्यावर माणूस काय समजणार? दाणा दिसावा म्हणून काल पाखरं हाकलली आम्ही."

बाईनं दुर्बिणीतून सगळं तळं दोनदा पाहिलं. वहीत लिहिलं. लिहायला अर्धी ओळ पुरली. मग ती बांधावरच बसली आणि तिनं टोपी काढली.

"मागची दोन वर्षं पलीकडच्या अंगानं मोजले, तेव्हा हजारावर पक्षी होते," ती म्हणाली. "यंदा तिसरं वर्ष. तीन वर्षं ओळीनं हजार भरले असते तर तळं सरकारी दप्तरात तळं म्हणून कायमचं लागलं असतं. मग ते कोणाला बुजवता आलं नसतं."

"कोणालाच?" धाकटीनं विचारलं. "कारखान्यालासुद्धा?"

"कोणालाच. त्यासाठीच तर मी मोजते. आता कागदावर एक टिटवी आणि दोन बगळे."

दोन दिवस घसा फोडून, डबे बडवून, एकेक गोणी चिखलात घालून यांनी काय वाचवलं होतं? जे वाचवणार होतं तेच हाकलून दिलं होतं. धाकटीला नवऱ्याचा इतका राग आला की तो रागासारखा वाटेचना, नुसतं रडू यायला लागलं. तिनं पदरानं नाक पुसलं.

"कागद कधी द्यायचा असतो?" तिनं विचारलं.

"उद्या दुपारी."

"म्हणजे उद्या सकाळ आहे."

बाईनं तिच्याकडे पाहिलं. "सकाळ आहे. पण काल एवढं घाबरलेले पक्षी उद्या कशाला येतील?"

"त्यांना घाबरवायला आम्ही काय काय नाही केलं आजवर? बुजगावणी लावली, दोऱ्या बांधल्या, कुत्री सोडली. पेरलेलं दिसलं की आलीच. आम्ही पेरतो ते आधी त्यांना कळतं, मग आम्हाला." ती वळली. "घोट्याएवढ्या गाळात वर वर दाणा टाकला, तर दिसेल लांबून."

"दाणा कुठाय?" अर्ध्या म्हणाला.

ती घराकडे चालायला लागली. खाटेपाशी गेली, सासूचे दोन्ही पाय उचलून बाजूला ठेवले आणि गोणी ओढली.

"हेच राहिलंय ना?" सासूनं विचारलं.

"हेच."

"फेक मग," म्हातारी म्हणाली. "बोडक्याची पाखरं जन्मभर हाकलली. एकदा जेवायला बोलाव."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर धाकटी एकटी पट्ट्यावर गेली. पेरताना मूठ आवळून, दाण्याला दाणा लागू न देता फोकायचं असतं. ती उघड्या ओंजळीनं टाकत होती. प्रत्येक ओंजळीला तिचा हात आपोआप आखडायचा आणि ती त्याला पुन्हा सैल सोडायची. हे बी तिनं मागच्या वर्षी स्वतः निवडलं होतं, किडका दाणा बोटानं बाजूला काढून, कंबर मोडेपर्यंत.

खुंटापलीकडे पावलं वाजली. जाऊबाई सूप भरून हरभरा घेऊन आली होती. चार वर्षांत दोघींचं बोलणं म्हणजे भांडी आपटण्याचा आवाज.

"तुम्हाला भाऊजींनी पाठवलं?" धाकटीनं विचारलं.

"कोण पाठवतंय मला?" जाऊबाई म्हणाली आणि सूप झटकत दाणे टाकायला लागली. "तुमच्याच पट्ट्यावर पाखरं आणि आमचा मोकळा, असं नको दिसायला."

धाकटीला हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदा. तिनं ते लपवलं, पण जाऊबाईनं पाहिलंच. तीही दाणे संपेपर्यंत खालमानेनं हसत होती.

शुक्रवारी तांबडं फुटायच्या आधी सगळे लव्हाळ्याच्या मागं पालथे पडले होते. बाईनं बजावलं होतं, हलायचं नाही, खोकायचं नाही, बोलायचं नाही. सगळ्यात अवघड अर्ध्याला होतं. धाकटीनं त्याचा सदरा मागून मुठीत धरून ठेवला होता. दुसऱ्या बाजूनं थोरल्यानं त्याच्या मनगटावर हात ठेवला होता. कोणीच त्याविषयी काही बोललं नाही, कारण बोलायचंच नव्हतं.

उजाडलं. पाणी दिसायला लागलं. आकाश रिकामं होतं. धाकटीच्या पोटाखाली चिखल गार लागत होता आणि तिच्या मनात एकच होतं, की बी तर गेलंच, आता तळंही जाणार, आणि हा माणूस म्हणणार, मला काय माहीत.

मग घराकडून म्हातारीचा आवाज आला. दबका, पण पोचेलसा.

"आली गं."

आधी काहीच दिसलं नाही. मग कालव्याच्या अंगाला आकाशात एक रेघ उमटली, रेघेची माळ झाली, आणि त्यांचा तो घोगरा कलकलाट कानावर आला, जो ऐकला की धाकटीचा हात गेली वीस वर्षं डब्याकडे जात होता. आताही गेला. तिनं तो पोटाखाली दाबला. करकोचे गोल फिरले, पाय खाली सोडून उतरले आणि तिच्या पट्ट्यावर चालायला लागले. त्यांच्यामागून बदकं आली. पाणी दिसेनासं झालं.

आणि ते खायला लागले. माना खाली, वर, खाली. दाणा, दाणा, दाणा. ती दहा हातांवर पालथी पडून बघत होती. आपल्या घरातलं वर्षाचं बियाणं समोर खाल्लं जातंय आणि आपण श्वास धरून त्यांना अजून घ्या, अजून घ्या म्हणतोय, हे तिनं कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. एक दांडगा करकोचा तर मान वाकडी करून सरळ तिच्याकडे बघत खात होता. खा मेल्या, ती मनात म्हणाली. पण भावंडांना घेऊन ये.

बाईनं अंगठा डोळ्यासमोर धरला, अंगठ्याखाली किती मावतात ते मोजलं, मग अंगठा सरकवत गेली.

"अंदाजे?" अर्ध्या कुजबुजला. "जमिनीची मोजणी बोटापर्यंत असते."

दोन्ही बाजूंनी त्याला एकेक चिमटा बसला.

बाईनं तीनदा मोजलं. त्यात किती वेळ गेला कोणास ठाऊक. खुंटाच्या अलीकडचं अर्धं बी संपलं होतं आणि पाखरं पुढं सरकत होती. शेवटी तिनं वहीत आकडा लिहिला, खाली सही केली, शिपायाची सही घेतली.

"किती?" धाकटीनं ओठांनीच विचारलं.

"अकराशे चाळीस."

थोरल्यानं अर्ध्याच्या मनगटावरचा हात काढला नाही. "ऐक," तो म्हणाला. चार वर्षांतला पहिला शब्द, तोही कुजबुजून. "तो खुंट राहू दे आता कुठं आहे तिथं."

"कुठं आहे?" अर्ध्या म्हणाला. "मंगळवारच्या गोंधळात कुठं ठोकला तेच आठवत नाही."

"मला तरी कुठं आठवतंय?"

धाकटीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तिची नजर पट्ट्यावर होती. खुंटाच्या पुढं, पार टोकाला, अजून चार-पाच ओंजळींचं बी उरलं होतं. काळ्या गाळावर पिवळं चमकत होतं. घोट्याएवढाच गाळ होता तिथं. दांडगा करकोचा नेमका तिकडंच निघाला होता, पंचवीसेक जण मागं घेऊन.

"बाई," तिनं विचारलं, "मोजणी झाली?"

"झाली."

"लिहिली?"

"लिहिली."

"नक्की? परत मोजायचं नाही?"

"नाही हो. संपलं सगळं."

धाकटी उठून उभी राहिली. पोटाचा, छातीचा चिखल झटकायच्या भानगडीत ती पडली नाही. तिनं लव्हाळ्यात पडलेला पत्र्याचा डबा उचलला, दगड उचलला, आणि गेल्या चार दिवसांत जे जे कोणाला बोलायचं राहिलं होतं ते सगळं एका दणक्यात डब्यावर हाणलं. अकराशे चाळीस पाखरं एकदम उठली. त्यांच्या खालून ती हात फैलावून पळत सुटली, उरलेल्या ओंजळींकडे.